उद्योगधंद्याचें शिक्षण आणि पुढारीपण

धंदा शिकवून येतो काय, आणि धंदा शिकलेला तरुण पुढारी होतो काय, हे दोन प्रश्न वरवर पाहतां निराळे वाटतात. परंतु ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांच्या इतिहासाकडे लक्ष दिलें म्हणजे तीं एकाच प्रश्नाचीं दोन अंगें आहेत अशी खात्री पटते. हल्लीं मुंबई विद्यापीठाच्या पुष्कळ पदवी-अभ्यासक्रमांत ‘उद्योजकता’ हा विषय शिकविला जातो. त्या शिक्षणानें विद्यार्थ्यांच्या अंगीं नेतृत्वाचे गुण येतात, असें महाविद्यालयांच्या समारंभांत वारंवार सांगण्यांत येतें. या विधानांत तथ्य किती, आणि तें कोणत्या अटीवर खरें ठरतें, हें पाहण्याचा आज विचार आहे. त्यासाठीं तर्कापेक्षां इतिहासाचा आधार घेणें अधिक श्रेयस्कर; कारण या भागानें उद्योगाच्या शिक्षणाचे अनेक प्रयोग पाहिले आहेत, आणि प्रत्येक प्रयोगानें कांहीं दिलें, तसें कांहीं द्यावयाचें राहूनही गेलें.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. जो स्वतःच्या हिंमतीवर नवें काम उभें करतो, त्यांत आपलें व दुसऱ्याचें भांडवल घालतो आणि नफ्यातोट्याचा जबाब स्वतः देतो, तो उद्योजक. ‘पुढारी’ या शब्दाला आपल्याकडे सभामंडपाचा वास लागला आहे. तो क्षणभर दूर ठेवावा. ज्याच्या निर्णयावर दुसऱ्यांचें पोट, पैसा अथवा जीव अवलंबून आहे, आणि ज्याला त्या गोष्टीची जाणीव आहे, तो पुढारी, एवढाच अर्थ येथें अभिप्रेत आहे.

कल्याण हें प्राचीन बंदर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव आढळतें, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं व कारागिरांनीं दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. त्या काळीं धंद्याचें शिक्षण घराच्या व श्रेणीच्या, म्हणजे कारागिरांच्या संघाच्या, हातीं असे. मुलगा वडिलांजवळ अथवा उस्तादाजवळ कसब शिके. पण श्रेणीकडून त्याला आणखी एक गोष्ट मिळे. कल्याणहून घाट चढून वर गेलें म्हणजे नाशिक लागतें. तेथील लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत असें कोरलेलें आहे कीं, गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० व दुसरीकडे १,००० कार्षापणें कायमची ठेव म्हणून दिलीं असून त्यांच्या व्याजांतून लेण्यांतील भिक्षूंच्या गरजा भागवाव्या. ही ठेव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याचा भार विणकरांवर होता. माग चालविणाऱ्या माणसांवर समाजानें एवढा विश्वास टाकला होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कसबाला विश्वासाची जोड मिळाली म्हणजे कारागीर पुढारी होतो, हें सूत्र आपल्याला पुढें पुन्हां पुन्हां भेटणार आहे.

आतां एकदम अर्वाचीन काळाकडे येऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत पोंचली. या दोन तारखांचा अभिमान या शहरांना आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि आगगाडीनें येथील विद्येचें तोंड मुंबईकडे वळविलें, हेंही तितकेंच खरें. शिकलेल्या मुलानें मुंबईच्या कचेरींत अथवा पेढींत चिकटावें, सकाळच्या गाडीनें जावें व दिवेलागणीनंतर परत यावें, हा क्रम पुढें इतका पक्का झाला कीं डोंबिवली हें चाकरमान्यांचें शहर म्हणूनच वाढलें. नोकरींत कमीपणा कांहींच नाहीं. या शहरांतील वाचनालयें, नाटकें आणि शाळा याच नोकरदारांनीं उभ्या केल्या व जगविल्या. परंतु नोकरी करणाऱ्यासाठीं मोठे निर्णय बहुधा दुसराच कोणी घेत असतो, आणि जेथें घरोघर हीच स्थिति असते तेथें जोखीम पत्करण्याची संवय मुलांना घरांत लागत नाहीं. ती संवय विद्यालयांनीं लावावी, ही अपेक्षा त्यांतूनच जन्मास आली.

या अपेक्षेला पहिलें उत्तर तंत्रशिक्षणाच्या रूपानें मिळालें. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं निघाली. १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरली. न्यायमूर्ति रानडे व महादेव बल्लाळ नामजोशी हे त्या चळवळीचे अध्वर्यु होते. केवळ शेतीवर विसंबलेला देश दरिद्री राहणार, त्यानें कारखानदारीकडे वळलें पाहिजे, हें रानड्यांचें म्हणणें आज सर्वमान्य वाटतें. त्या वेळीं तें नवें होतें. मात्र कारखानदारीचें ज्ञान आणि कारखाना काढण्याची हिंमत या दोन वस्तु एकत्र नांदतातच असें नाहीं, याचें उदाहरण त्या इन्स्टिट्यूटच्या इतिहासांतच सांपडतें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथें शिक्षक होते. बढतीची पाळी आली तेव्हां त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली, बेळगांवास आपल्या भावाबरोबर सायकलींचें दुकान चालविलें, कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर तयार केले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसविली. यंत्राचें ज्ञान त्यांच्याजवळ मुंबईंतही होतें. मग त्याच ज्ञानानें मुंबईंत एक वर्ग चालला आणि माळावर एक गांव उभें राहिलें, याचें कारण काय? माळावर आलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या घराचा, पाण्याचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न लक्ष्मणरावांचा स्वतःचा झाला होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनीं पहाऱ्यावर नेमलें. या गोष्टी कोणत्याही यंत्रशाळेच्या अभ्यासक्रमांत नव्हत्या. जबाबदारी अंगावर पडली, आणि तिनें त्या शिकविल्या.

किर्लोस्करांचे नांगर विकीत गांवोगांव फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील हे एक होते. त्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांत स्वयंपाक, शेतकाम व झाडलोट मुलेंच करीत. १९४७ सालीं सातारा येथें छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, तेव्हां ‘कमवा व शिका’ ही पद्धति महाविद्यालयीन शिक्षणांत आली. तिचा आर्थिक लाभ उघड आहे. गरीब मुलगा शिकूं शकला. परंतु दुसरा लाभ अधिक खोल होता. आपण केलेल्या कामावर चाळीस जणांचें जेवण अवलंबून आहे, हें ज्या मुलाला विसाव्या वर्षीं कळतें, त्याला पुढारीपणावर निराळें व्याख्यान द्यावें लागत नाहीं. तळेगांवचा पैसा फंड काच कारखाना, जो १९०८ सालीं लोकांकडून जमविलेल्या एकेका पैशावर उभा राहिला, त्याचीही योजना याच धर्तीची होती. तेथें कारखाना हीच शाळा होती, आणि भांडवल जनतेचें असल्यामुळें शिकणाऱ्याच्या हातून फुटलेल्या भांड्याचा हिशेबही जनतेकडे जात होता.

विद्यापीठानें मात्र वेगळी वाट धरली. १९१३ सालीं मुंबईस सिडनॅम कॉलेज स्थापन झालें आणि वाणिज्य हा पदवीचा विषय झाला. जमाखर्च, बँकांचे व्यवहार, कंपन्यांचे कायदे यांचें शास्त्रशुद्ध ज्ञान देणारी ही शाखा पुढें मुंबईच्या आसपासच्या सर्व शहरांत लोकप्रिय झाली. तिनें प्रामाणिक हिशेबनीस व कुशल बँक-अधिकारी दिले, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण विद्यार्थी जो हिशेब सोडवीत असे, तो दुसऱ्यानें केलेल्या व्यवहाराचा असे. वहींतला तोटा लाल शाईनें लिहिला कीं काम संपलें. तो कोणाच्या घरांतून गेला, हा प्रश्न परीक्षेंत येत नसे.

यानंतरचा अध्याय खास ठाणें जिल्ह्याचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजीं अस्तित्वांत आलें, तें ठाण्याच्या वागळे इस्टेटींत. मुंबईच्या गर्दींतून बाहेर पडूं पाहणाऱ्या लहान कारखानदाराला येथें भूखंड, रस्ता, वीज व पाणी मिळूं लागलें. अंबरनाथ व डोंबिवली येथें औद्योगिक वसाहती झाल्या, आणि त्यांच्यासाठीं बारवी नदीचें पाणी अडविण्यांत आलें. त्याच सुमारास येथील नागरिकांनीं महाविद्यालयें काढलीं. १९३५ सालीं स्थापन झालेल्या ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळानें १९६९ सालीं खाडीच्या कांठीं कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांचीं महाविद्यालयें सुरू केलीं. १९७२ सालीं कल्याणास बिर्ला महाविद्यालय निघालें. डोंबिवलींतही के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय उभें राहिलें. देणग्या जमविणें, जागा मिळविणें, परवानग्या काढणें आणि दर महिन्यास पगाराची तजवीज करणें, या गोष्टी पाहिल्या म्हणजे संस्थाचालकांची ही धडपड कोणत्याही कारखानदारीहून कमी नव्हती असें म्हणावें लागतें. परंतु एक विसंगति राहून गेली. कारखाना आणि महाविद्यालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभे राहिले, तरी त्यांचीं तोंडें विरुद्ध दिशांना होतीं. पदवी घेतलेला तरुण वसाहतीच्या फाटकावरून जाऊन स्टेशनावर मुंबईची गाडी पकडीत असे.

डोंबिवलीच्या महाविद्यालयाला ज्यांचें नांव आहे त्या केशव विष्णु पेंढरकर यांची हकीकत या दृष्टीनें उद्बोधक आहे. १९५२ सालीं त्यांनीं मुंबईस परळच्या राहत्या घरांत आयुर्वेदीय दंतमंजन तयार करण्यास प्रारंभ केला. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नांवाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘विको’ हें नांव झालें. घर हाच कारखाना होता आणि घरचीं माणसेंच दारोदार फिरून माल विकीत. पुढें डोंबिवलीस कारखाना झाला, आणि तेथील एका चौकास लोक आजही विको नाका म्हणून ओळखतात. केशवरावांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांनीं औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली होती. हळदीची प्रसिद्ध मलम-क्रीम १९७५ सालीं बाजारांत आली, ती या दुसऱ्या पिढीच्या काळांत. येथें विद्यापीठाचें शिक्षण आणि घरचें शिक्षण एकमेकांच्या विरुद्ध उभें नाहीं. पदवीनें द्रव्यांचे गुणधर्म शिकविले. ग्राहकाच्या दारावर नकार पचविणें, उधारी वसूल करणें आणि कामगाराचा पगार आधीं काढून मग आपला विचार करणें, हें घरानें शिकविलें असावें असा तर्क करण्यास जागा आहे. ज्या मुलाच्या घरीं असें दुकान नाहीं त्याला हें दुसरें शिक्षण कोण देणार, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें एक उत्तर या शहरांनीं महाविद्यालयाबाहेर शोधलें. १९७० सालीं डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ सालीं ठाणें जनता सहकारी बँक आणि १९७३ सालीं कल्याण जनता सहकारी बँक स्थापन झाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची बचत गोळा करून ती शेजारच्याच दुकानदाराला व लघुउद्योजकाला कर्जाऊ द्यावयाची, ही कल्पना गोवर्धनच्या विणकरांना अपरिचित वाटली नसती. अशा बँकेच्या संचालकाला ठेवीदार मंडईंत भेटतो, देवळांत भेटतो, लग्नांत भेटतो. चुकीचें कर्ज दिलें तर तोंड लपविण्यास जागा नसते. जमाखर्च शिकलेल्या मध्यमवर्गाला जी गोष्ट वर्गांत मिळाली नव्हती, ती येथें मिळाली, आणि नोकरदारांच्या शहरांतून पुढारी निपजले ते या मार्गानें.

इकडे सहकाराचा हा उद्योग चालू असतां, उद्योजकता शिकवितां येते काय, या प्रश्नाचा शास्त्रीय विचारही भारतांत सुरू झाला होता. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचें मत असें कीं, आर्थिक प्रगतीच्या मुळाशीं एक मनोवृत्ति असते. कठीण काम हातीं घ्यावें व तें पूर्वींपेक्षां चांगलें करून दाखवावें, या ओढीला त्यांनीं महत्त्व दिलें. मराठींत तिला सिद्धीची आस म्हणतां येईल. ही आस जन्मजात नसून शिक्षणानें वाढवितां येते, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं आंध्र प्रदेशांतील काकिनाडा हें शहर निवडलें. १९६४ पासून तेथील सुमारें पन्नास व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेंत थोड्या दिवसांचें शिक्षण देण्यांत आलें. मॅक्लेलंड व डेव्हिड विंटर यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा निष्कर्ष असा कीं, शिक्षण घेतलेल्यांनीं न घेतलेल्यांच्या मानानें अधिक धडाडी दाखविली, नवे धंदे काढले, अधिक भांडवल गुंतविलें आणि अधिक माणसांना काम दिलें.

या प्रयोगानें अनेकांना धीर आला. गुजरातेंत १९७० पासून नवोदित उद्योजकांसाठीं शिक्षणवर्ग निघाले, १९८३ सालीं अहमदाबादेस भारतीय उद्यमिता विकास संस्था स्थापन झाली, आणि १ ऑक्टोबर १९८८ रोजीं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झालें. या केंद्रानें जिल्ह्याजिल्ह्यांत वर्ग चालविले आणि ‘उद्योजक’ हें मासिक काढून हा शब्द मराठी घरांत रुजविला. बाजाराची पाहणी कशी करावी, प्रकल्प-अहवाल कसा लिहावा, बँकेच्या अधिकाऱ्यापुढें कसें बोलावें, या गोष्टी ज्यांना कोणीच सांगितल्या नव्हत्या त्यांना त्या प्रथमच मराठींत ऐकावयास मिळाल्या. या कार्याचें मोल लहान नाहीं.

परंतु मॅक्लेलंड यांच्या संशोधनाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाहीं. १९७६ सालीं त्यांनीं डेव्हिड बर्नहॅम यांच्यासह ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकांत एक लेख लिहिला. त्यांत त्यांनीं असें दाखविलें कीं, सिद्धीची आस तीव्र असलेला माणूस स्वतः काम उत्तम करतो, आपली प्रगति स्वतः मोजतो, आणि त्यामुळेंच कामें दुसऱ्यावर सोंपविण्यास नाखूष असतो. चांगला व्यवस्थापक निराळ्या घडणीचा असतो. दुसऱ्यांवर प्रभाव पाडण्याची इच्छा त्याला असते, पण ती संयमित असते आणि स्वतःच्या बडेजावाऐवजीं संस्थेच्या कामाकडे वळलेली असते. याचा अर्थ स्पष्ट आहे. उद्योजकतेच्या शिक्षणानें धडाडी येते. पुढारीपण मात्र आपोआप येत नाहीं. किंबहुना नुसत्या धडाडीवर जोपासलेला तरुण चांगला दुकानदार होईल आणि वाईट धनी होईल, हा संभव नेहमींच असतो.

आतां महाविद्यालयांतील आजच्या शिक्षणाकडे पाहूं. १९९९ च्या सुमारास मुंबई विद्यापीठानें व्यवस्थापनशास्त्राचा पदवी-अभ्यासक्रम चालू केला आणि तो ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांतही पसरला. २०१६ सालीं केंद्र सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना आली, २०१८ पासून महाविद्यालयांत नवोपक्रम परिषदा स्थापन होऊं लागल्या, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें व्यवसायाभिमुख शिक्षणावर भर दिला. या सर्वांतून विद्यार्थी पुष्कळ बोलावयास व मांडावयास शिकला. पांच मिनिटांत आपली कल्पना परीक्षकांपुढें मांडणाऱ्या मुलामुलींचा आत्मविश्वास पाहून मागच्या पिढींतील माणसाला हेवा वाटावा. पण परीक्षकांनीं बक्षीस दिलें किंवा न दिलें, तरी त्या संध्याकाळीं कोणाचें कांहीं बुडत नाहीं.

याहून साधी, आणि माझ्या मतें अधिक मोलाची, एक योजना विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाकडून चालविली जाते. तिचें नांव ‘अन्नपूर्णा योजना’. तींत विद्यार्थ्यांनीं गट करून खाद्यपदार्थांचें दुकान मांडावयाचें, माल विकावयाचा आणि हिशेब द्यावयाचा असतो. उपक्रम दिसावयास अगदीं किरकोळ. परंतु त्यांत काय काय येतें याचा विचार करावा. कांदे-बटाटे किती आणावे, हा पहिला निर्णय. तो चुकला तर संध्याकाळीं टोपलींत उरलेला माल चुकीची साक्ष देतो. भाव किती ठेवावा, हा दुसरा. बाजूच्या गटानें भाव उतरविला कीं रात्रीं केलेलें गणित कोलमडतें. तेलाचा खर्च धरला, पण मैत्रिणीच्या घरचा गॅस धरला नाहीं, हें शेवटीं ध्यानांत येतें आणि नफा म्हणजे काय याचा अर्थ प्रथमच कळतो. त्याहून कठीण प्रश्न माणसांचे असतात. गटांतील एकजण फक्त छायाचित्रांपुरता येतो. दुसरी सकाळपासून कढईपुढें उभी असते. नफ्याची वांटणी सारखी करावी कीं श्रमाप्रमाणें? तोटा झाला तर तो कोणी सोसावा? अन्न शिळें झालें असल्याची शंका आली तर तें टाकावें कीं खपवावें? या शेवटच्या प्रश्नापुढें उभी राहिलेली विद्यार्थिनी त्या क्षणीं दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय करीत असते. तिनें टोपली रिकामी करून तोटा पत्करला, तर कोणत्याही पाठ्यपुस्तकानें दिला नसता एवढा मोठा धडा तिनें घेतला असें समजावें.

ही कल्पना अतिशयोक्त वाटत असेल तर डोंबिवलीच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहावें. येथील औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं एका रासायनिक कारखान्यांत प्रचंड स्फोट झाला; २३ मे २०२४ रोजीं दुसऱ्या कारखान्यांत तसाच झाला. दोन्ही वेळां दहाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या कांचा फुटल्या. एकेकाळीं गांवाबाहेर असलेल्या वसाहतीला आतां घरांनीं वेढलें आहे. दोष कोणाचा, हें ठरविणें तपास-यंत्रणेचें व न्यायालयाचें काम आहे. येथें त्याचा निवाडा करावयाचा नाहीं. पण उद्योजकता शिकविणाऱ्यानें एवढें लक्षांत घेतलेंच पाहिजे कीं, कारखान्यांतील सुरक्षितता हा शेवटीं कोणा माणसानें केव्हां तरी घेतलेला निर्णय असतो. भट्टीची तपासणी आज करावी कीं माल पाठविल्यावर, हा प्रश्न आणि शिळ्या अन्नाचा प्रश्न यांची जात एकच आहे. फरक परिणामांचा आहे.

दुसरें उदाहरण कल्याणजवळच्या मोहन्याचें. तेथील एन. आर. सी. चा मोठा कारखाना २००९ सालीं बंद पडला, आणि हजारों कामगारांच्या देण्याचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षें लोंबकळत राहिला. धंदा काढण्याचें शिक्षण आपण देतों, धंदा बंद करण्याचें देत नाहीं. वस्तुतः धंदा बुडूं लागला असतां कामगारांचें, सावकाराचें व सरकारचें देणें कोणत्या क्रमानें फेडावें, वाईट बातमी केव्हां व कशी सांगावी, यांतच माणसाची पारख होते. यशाच्या कथा विद्यार्थ्यांना पुष्कळ ऐकवितात. बंद पडलेल्या कारखान्याचा इतिहास कोणी शिकवीत नाहीं, आणि या जिल्ह्यांत तर तो शिकविण्यास सामग्रीची वाण नाहीं.

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा. उद्योगाच्या शिक्षणांत कसब, धडाडी व जबाबदारी या तीन गोष्टी येतात. तंत्रशाळांनीं व वाणिज्य-महाविद्यालयांनीं कसब दिलें. काकिनाड्यापासून पुढें चालत आलेल्या वर्गांनीं धडाडी दिली. जबाबदारी मात्र श्रेणींनीं, किर्लोस्करवाडीसारख्या वसाहतींनीं, रयतेच्या वसतिगृहांनीं आणि सहकारी बँकांनीं दिली. विद्यापीठानें ती फारच थोडी दिली. पुढारीपण या तिसऱ्या गोष्टींतून येतें, म्हणून नेमकें तेंच महाविद्यालयांत कमी पिकतें.

ही उणीव भरून काढण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता आहे असें मला वाटत नाहीं. ठाण्यांत, कल्याणांत आणि डोंबिवलींत महाविद्यालय, औद्योगिक वसाहत व नागरी बँक या तीन संस्था एकाच शहरांत आहेत. असा योग सर्वत्र नसतो. विद्यार्थ्यांच्या गटाला बँकेनें लहानसें खरें कर्ज द्यावें आणि तें खरोखर फेडून घ्यावें. कारखान्याची एक दिवसाची सहल काढण्याऐवजीं एक सत्रभर एकाच कारखान्याशीं गटाचा संबंध ठेवावा. त्यानें तेथील हिशेब पाहावा, कामगारांशीं बोलावें, सुरक्षिततेच्या तपासणीस हजर राहावें. परीक्षेंत नफ्याला गुण असतील तर तोटा प्रामाणिकपणें कबूल करून देणें फेडणाऱ्यालाही गुण असावे. आणि गटाचें पुढारीपण आळीपाळीनें प्रत्येकाकडे यावें. ज्याला बोलतां येतें त्याच्याचकडे तें कायमचें राहूं नये.

अशा शिक्षणांतून निघालेला प्रत्येक तरुण कारखाना काढील, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. बहुसंख्य विद्यार्थी पूर्वींप्रमाणेंच नोकरी धरतील, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण ज्यानें एकदां दुसऱ्याच्या पैशाचा व पोटाचा भार प्रत्यक्ष वाहिला आहे, तो कचेरींतही निराळ्या रीतीनें वागतो, नगरपालिकेला प्रश्नही निराळे विचारतो, आणि शेजारच्या कारखान्यांतून येणाऱ्या वासाकडे नाक मुरडून खिडकी लावीत नाहीं. तो चौकशीस जातो. या तीन शहरांना आज अशा माणसांची निकड आहे. तीं घडविण्याचें काम विद्यापीठानें शब्दांवर सोडलें तर तें तसेंच राहील. हातांवर सोंपविलें, तर होण्यासारखें आहे.